थम लागेपर्यंतचा वेळ

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सेतू केंद्र चालवणाऱ्या भाऊंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत:

‘ताई, सकाळी आठला शटर वर करतो अन् रात्री आठला खाली. मधात कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाचा पीक विमा, कोणाची केवायसी. एकाचा फॉर्म भरून राहिलो तर दुसरा खिडकीतून कागद आत घालते, तिसरा फोन करते, साइट सुरू हाय का. बाहेर टिनाखाली लोक तापून बसतात, आत आले की माझ्यावरच निघते. मागच्या आठवड्यात एका बाईचं पासबुक दुसरीच्या अर्जाले लागलं होतं. सबमिट दाबायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. त्याच दिवशी एका बुढ्यावर ओरडलो. त्याचा अंगठा मशीन घेत नव्हती, त्यात त्याचा काय दोष? रात्री डोळे मिटले की ओटीपीच दिसते. यूट्यूबवर पाहून माइंडफुलनेस करून पाहिलं. पहाटे वीस मिनिटं बसा म्हणतात. बसलो, तर दोन मिनिटांत मन पोर्टलवर. गुरुदेव सेवा मंडळातले काका म्हणतात, सामुदायिक ध्यानाले येत जा. माझं म्हणणं येवढंच की बसाले वेळ असता तर मले हे लागलंच नसतं. कामाच्या मधात हे करता येते काय? अन् एक ॲप आहे, ते वर्षाचे पैसे मागते. घेऊ काय?’

भाऊ, येतं करता. आणि तुमच्यासारख्याने तर ते कामाच्या मधेच करावं, पहाटेच्या नादी आत्ता लागू नये. दिवसभर बारा तास जे मन ओढाताणीत असतं, ते पहाटे वीस मिनिटं गप्प बसेल ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

यूट्यूबवर माइंडफुलनेस म्हणून जे दाखवतात, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष आणायचा सराव, त्याची सुरुवात १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात झाली. जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी तिथे जुनाट दुखण्याने गांजलेल्या, डॉक्टरांचे उपाय पुरे न पडलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात बसणं होतंच, पण चालणं होतं, पडून अंगावर लक्ष फिरवणं होतं, एक मनुका सावकाश खाणंसुद्धा होतं. म्हणजे डोळे मिटून मांडी घालणं हा त्यातला एक भाग. मूळ बौद्ध ध्यानातलं आहे. तुमच्या गावच्या विहारात एखाद्या जुन्या उपासकाला आनापानसती विचारा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे कसं पाहायचं ते पाच मिनिटांत सांगतील. १९५६ ला दीक्षाभूमीवर जे झालं त्यानंतर विदर्भातल्या गावोगावी हे शब्द पोचलेले आहेत. नाव इंग्रजी आलं म्हणून वस्तू परकी समजू नका.

मन दोन मिनिटांत पोर्टलवर गेलं, असं तुम्ही लाजून लिहिलंय. सगळ्यांचंच जातं. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी, सव्वादोन हजार माणसांना दिवसभरात कधीही फोनवर गाठून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापले. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि ते चांगल्या गोष्टीत रमलेलं असलं तरी माणूस कामात लक्ष असताना होता त्याहून जास्त खूश नव्हता. तेव्हा मन जाणारच. डवरणी करताना, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढताना, बैल तास सोडून पऱ्हाटीकडे वळतो, म्हणून कोणी त्याला जूवाखालून सोडून घरी पाठवत नाही. कासरा ओढायचा, परत तासात आणायचा. एका फेरीत दहा वेळा ओढावा लागला तरी ती डवरणीच असते. मन गेलेलं कळणं आणि ते परत आणणं, एवढाच हा सराव. तुम्ही तो पहाटे केलाय. तुम्हाला तो नापास झाल्यासारखा वाटला, एवढंच.

आता तुमच्या खिडकीवर येऊ. तुमच्या कामाची एक गंमत आहे, तुम्हाला ती जाच वाटते. दर दोन-चार मिनिटांनी तुम्हाला थांबावं लागतं. थम मशीनवर, म्हणजे अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या मशीनवर, लाल दिवा लागलाय, बोट ठेवलंय, उत्तर यायचंय. पान उघडतंय, गोल फिरतोय. ओटीपी पुण्यात कंपनीत असलेल्या पोराच्या फोनवर गेलाय आणि बाप त्याला फोन लावून राहिलाय. प्रिंटर कागद ओढतोय. दिवसभरातले हे तुकडे जोडले तर यूट्यूबवाल्याच्या वीस मिनिटांहून नक्कीच जास्त भरतील. सध्या त्यांत तुम्ही काय करता? माझा अंदाज सांगते: मोबाइल उचलता, किंवा दुसऱ्याचा कागद ओढून घेता. पासबुकांची अदलाबदल नेमकी तिथूनच सुरू होते.

म्हणून पहिली गोष्ट, आणि महिनाभर ही एकच केली तरी चालेल: गोल फिरायला लागला की हात टेबलावर ठेवायचे. मोबाइलला नाही, माउसला नाही, नुसते टेबलावर. तळहाताखाली लाकूड आहे की सनमायका, थंड आहे की तापलेलं, ते जाणवू द्यायचं. तळपाय जमिनीला लागलेत का बघायचं. श्वास हळू सोडायचा, घेतला त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावून. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना किंचित वाढतात; मनगटावर नाडी धरून बसलात तर तुम्हालाच कळेल. सोडण्याला वेळ दिला की शरीराला निवांत होण्याची सवड मिळते, एवढंच त्यामागचं कारण. चमत्कार नाही. पान उघडलं की काम सुरू. डोळे मिटायचे नाहीत, समोरच्याला काही कळायचंही कारण नाही. बुढ्या माणसाला वाटेल भाऊ विचार करून राहिला.

त्या बुढ्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचलंय. अंगठा न उमटण्याला कारण असतं. जन्मभर निंदण, कापूस वेचणी, सिमेंट कालवणं केलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. वेचणीत सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांत बोचतात, चिरा पडतात. उन्हाळ्यात कातडी कोरडी, म्हातारपणी सैल. मशीनला दिसायला रेषाच उरत नाहीत. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. पण रांग वाढली की ते माहीत असणं बाजूला पडतं आणि तोंडातून निघतं, ‘आबाजी, नीट दाबा न!’ आबाजी घाबरून आणखी जोराने दाबतात, बोट घसरतं, ठसा आणखी फिसकटतो.

तेव्हा थम मशीन पुढे सरकवताना एकदा त्या हाताकडे बघा. खरोखर बघा, दोन सेकंद. कोरडा आहे का, माखलेला आहे का, कुठलं बोट त्यातल्या त्यात शाबूत आहे. मग ओला कपडा द्या, मशीनची काच पुसा, अंगठा सोडून मधलं बोट लावून पाहा. आधारला दहाही बोटांचे ठसे दिलेले असतात. नाहीच झालं तर डोळ्यांच्या मशीनने किंवा चेहरा दाखवून जिथे चालतं तिथे ते करा. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला चेहरा चालतो. यातलं एकही तुम्हाला नवीन नाही. फरक एवढाच, की हाताकडे पाहिलेला माणूस हे सुचून करतो आणि घड्याळाकडे पाहिलेला माणूस तेच बोट पाच वेळा दाबायला लावतो. याला ध्यान म्हणा की काम म्हणा, मला त्यात फरक करायचा नाही.

रागाचं म्हणाल तर ओरडणं तोंडातून निघायच्या बरंच आधी अंगात सुरू झालेलं असतं. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे खांदे कानाला लागतात. तुमचं काय होतं ते तुम्ही आठ दिवस नुसतं शोधा. सापडलं की मनातल्या मनात त्याला नाव द्या: ‘राग आला.’ ‘घाई झाली.’ वऱ्हाडीत द्या, ‘आता डोकं फिरून राहिलं.’ हसू नका, यावर काम झालेलं आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ च्या एका अभ्यासात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं. शब्द दिला तेव्हा भीती-रागाला चटकन उसळणारा मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग कमी उसळला, स्कॅनवर तसं दिसलं. राग जाईलच असं मी म्हणत नाही. ‘आबाजी, नीट दाबा न’ आणि ‘आबाजी, दुसरं बोट लावून पाहू’ यांच्या मधात एक श्वास बसण्याएवढी जागा होते. त्या जागेसाठी हा सगळा खटाटोप.

पासबुकाच्या घोटाळ्याला मात्र नुसतं श्वासावर सोडू नका. तिथे बोट आणि तोंड दोन्ही वापरा. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, दोघांना तो समोर दिसत असतानाही. जपानमध्ये तर रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून, तोंडाने बोलून पुढे जातात. डोळे सवयीने वाचतात आणि जे असायला हवं तेच त्यांना दिसतं; आवाज काढावा लागला की मनाला तिथे यावंच लागतं. तुम्हीही सबमिटच्या आधी कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचा: नाव, आधारचे शेवटचे चार आकडे, खात्याचे शेवटचे चार आकडे. आयएफएससीची अकरा अक्षरं वाचताना पाचव्यावर थांबा, ते नेहमी शून्यच असतं, इंग्रजी ओ नाही. समोरच्या बाईला ‘बरोबर आहे न, मावशी?’ विचारा आणि तिने मान हलवेपर्यंत वाट बघा. वेळ जातो? जातो थोडा. चुकलेला अर्ज दुरुस्त करायला किती चकरा होतात ते तुम्ही मला सांगू शकाल.

एका माणसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तो सांधा तुमच्याकडे आज नाहीच. पहिल्याचे कागद अजून टेबलावर असतात आणि दुसऱ्याचे त्यांच्यावर येऊन पडतात. टेबलावर एका वेळी एकाच माणसाचे कागद, हा नियम करा. पहिल्याचे परत त्याच्या हातात, पिशवीत गेलेले दिसले की मगच दुसऱ्याला हाक. हाक नावाने मारा. तेवढ्यात मन मागच्या अर्जावरून उठून पुढच्यावर येतं; त्यालाही यायला काही क्षण लागतात.

जेवण. डबा कीबोर्डजवळ उघडता हे तुम्ही लिहिलं नाही, पण सगळे उघडतात. वीस मिनिटं शटर अर्ध्यावर आणा आणि पाटी लावा. पहिले तीन घास मोबाइलशिवाय. बाकीचे कसेही खा. सगळं जेवण सजग वगैरे करायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळाल.

आता जरा कडू बोलते. माइंडफुलनेसच्या नावाने हल्ली एक खोड पसरलीये: काम जनावरासारखं लादायचं आणि माणसाला सांगायचं, श्वासाकडे लक्ष दे, ताण जाईल. मला हे पटत नाही. तुमच्या ताणातला बराचसा हिस्सा तुमच्या मनात तयार होत नाही, तो वरून येतो. एक रुपयाचा पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ ला गेला. दोन्ही वेळा गावाला समजावून सांगायचं काम तुमच्याच खिडकीवर पडलं. लाडक्या बहिणीचे अर्ज, मग त्यांची केवायसी, शेतकऱ्यांचा ओळख क्रमांक, जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे दाखले. मुदत जवळ आली की साइट गोगलगाय होते आणि शिव्या तुम्ही खाता. हे तुम्ही श्वास घेऊन सुधारू शकत नाही, आणि सुधारत नाही म्हणून स्वतःला दोषही देऊ नका.

जे तुमच्या हातात आहे ते मात्र आजच बदला. सकाळी चिठ्ठ्या वाटा, नंबर लिहिलेल्या, दुपारच्या आधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या. पन्नास नंबरवाला मग सकाळपासून खिडकीला चिकटणार नाही, शेतात एक चक्कर मारून येईल. ‘साइट सुरू हाय का’ याचं उत्तर दारावर खडूने लिहा, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसातून दोनदा टाका, म्हणजे दिवसभर फोनवर तेच एक वाक्य बोलावं लागणार नाही. कामाचा फोन आणि घरचा फोन वेगळा ठेवता आला तर फारच छान. नाही तर निदान घंटी बंद करून उलटा ठेवा आणि दर तासाला एकदा पाहा. तुमचा माणूस आजारी आहे, बायकोचे दिवस भरलेत, अशा वेळी हा नियम मोडायचा, हे सांगायला नको. गर्दीच्या महिन्यात बारावी झालेलं गावातलं एखादं पोरगं कागद लावायला दोन तास बसवा. त्याला द्याल ते पैसे तुमच्या डॉक्टरच्या बिलापेक्षा कमी असतील.

आणखी एक, तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय पण माझ्या नजरेतून सुटलं नाही. लोक तुमच्याकडे फॉर्म भरायला येतात आणि बोलून जातात: बोंडअळीने काय केलं, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, विम्याचे पैसे आलेच नाहीत. तुम्ही ऐकता. चांगलं करता. पण ऐकलेलं तुमच्यात साचतं, आणि रात्री ओटीपीच्या मागे तेच उभं असतं, असं मला वाटतं. घरी जाताना गाडी शटरसमोर सुरू करायच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. आज काय ऐकलं ते आठवा, आणि त्यातलं कोणतं तुमच्या हातातलं होतं ते बघा. एखाद्याचा अर्ज परत तपासायचा असेल तर कागदावर लिहून शटरच्या आत ठेवा, डोक्यात घेऊन जाऊ नका. गाडी चालवताना कानात इअरफोन घालून भाषणं ऐकू नका, ध्यानाची तर मुळीच नाही. रस्त्यावर गाईढोरं असतात, तिथलं भान तिथेच लागतं.

झोप न लागणं दोन-तीन आठवडे सुरूच राहिलं, जेवणावरची वासना गेली, रोज संध्याकाळी दारूशिवाय जमेना, किंवा जगण्याचाच कंटाळा आला असं वाटू लागलं, तर मग हे माझे उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र, फुकट; मराठीत बोलता येतं. हा नंबर खिडकीच्या काचेवरही चिकटवा. तुमच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांतल्या कुणाला तो तुमच्यापेक्षा जास्त लागेल. आणि कुणाला शांत बसलं, श्वासाकडे पाहिलं की जुना धसका उसळतो, छाती धडधडते, असंही होतं. तसं झालं तर डोळे उघडे ठेवून पायांकडे, समोरच्या भिंतीकडे लक्ष न्यायचं, आणि हट्टाने बसायचं नाही.

मंडळातल्या काकांचं? जा की एखाद दिवस. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून जे गावोगाव रुजवलं त्यात सोबत बसणं आहे, आणि एकटं बसून जे मन दोन मिनिटांत पळतं ते चारचौघांत पाच मिनिटं तरी टिकतं. गर्दीचा जुलै सोडून जा. पीक विम्याची ३१ जुलैची मुदत तोंडावर असताना पहाटे उठून ध्यानाला जायची सुरुवात करणारा माणूस तीन दिवसांत ध्यानही सोडतो आणि काकांना तोंड दाखवायचंही.

सुरुवात कुठून करू असं विचाराल, तर हात टेबलावर. बाकी सगळं नंतर. सगळं एकदम करायला जाल तर तो आणखी एक फॉर्म होईल, रोज भरायचा.

ॲप घेऊ नका. त्यातल्या आवाजाला तुमच्या खिडकीवरची गर्दी दिसत नाही. तुम्ही लिहिता की टिनाखालच्या बाकावर लोक तापून बसतात आणि आत आले की तुमच्यावर निघतं. वर्षाचे ते पैसे तिथे पंख्याला घाला. मे महिन्यात दीड तास टिनाखाली शिजलेला माणूस तुमच्याशी गोड बोलेल ही आशा मीही केली नसती. भिंतीवरचा घ्या, म्हणजे पोरं हात घालणार नाहीत, आणि दुकानदाराला वॅट विचारूनच घ्या; लाइन गेली की तुमच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर, राउटर आणि तो, तिन्ही चालले पाहिजेत.